पुढे घाला

आमच्या घरात सत्तावन्न सालच्या साथीचा विषय निघाला की डॉक्टर उठून बागेला पाणी घालायला जातात. पाऊस पडत असला तरी जातात. डॉक्टर म्हणजे माझे यजमान, रत्नाकर. लग्नाआधीपासून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत, आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून मीही डॉक्टरच म्हणू लागले. ते असे पळाले की सांगायचं काम माझ्याकडे येतं. मला ते आवडतं, कारण मग मध्येच दुरुस्त्या करणारं कुणी उरत नाही.

आम्ही पुण्याहून बंगलोरला आलो ते एका नव्या सरकारी कारखान्याच्या दवाखान्यासाठी. कारखाना शहराबाहेर माळावर. यंत्रं बनवणारी यंत्रं तिथे बनतात असं मला सांगण्यात आलं होतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. शेजारी आमच्या क्वार्टर्सच्या रांगा, त्यांत निम्मे इंजिनियर पुण्या-सांगलीकडचे, आणि मधोमध बसका, कौलारू दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर, कंपाउंडर नरसिंगराव, दोन वॉर्डबॉय आणि तुंगाबाई. पण तुंगाबाईंचं नाव खरं म्हणजे पहिलं घ्यायला हवं.

तुंगाबाई आया होत्या. सगळा कारखाना त्यांना तुंगक्का म्हणे. राहायच्या बंगलोरातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे, रोज कारखान्याच्या बसने यायच्या. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बंगलोरात आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मराठी त्यांनी घरात जपली होती, पण जपताना तिला इथलंच पाणी पाजलं होतं. ‘स्वल्प थांबा’, ‘ते सरी’, ‘अय्यो, तसं बेडा’ असं त्यांचं बोलणं; सरी म्हणजे ठीक, बेडा म्हणजे नको. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा मी त्यांची नक्कल करून डॉक्टरांना हसवत होते आणि त्या मागच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अम्मा, तुमचं पुण्याचं मराठी पण आमाला गमतीचंच वाटतं की. सारखं कुणाला तरी रागवताय असं वाटतं.” तेव्हापासून आमची गट्टी जमली.

त्या वर्षी मी पोटुशी होते. त्याआधी एकदा माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं, ते तुंगाबाईंच्याच हातावर. आई मला नाही. ती मी शाळेत असतानाच गेली. त्यामुळे माहेरी बाळंतपणाला जायचा प्रश्न नव्हता. यंदाही तुंगाबाईच सगळं बघणार हे ठरल्यासारखंच होतं, पण आम्ही दोघी ते कधी बोललो नाही. त्यांच्यात पोटातल्याबद्दल मोठ्याने बोलत नाहीत. बोललं की कुणाच्या तरी कानावर जातं, म्हणे. कुणाच्या ते त्या सांगत नसत. येता-जाता माझ्या पावलांना सूज आहे का ते डोळ्यांनी बघायच्या, आणि स्वयंपाकघरात नाचणीचं पीठ ठेवून जायच्या.

त्यात तो ताप आला. मद्रासच्या बंदरात बोटीतून उतरला, असं सगळे सांगत. बघता बघता कारखान्यात निम्मी यंत्रं बंद पडली, कारण ती चालवणारी माणसं घरी पांघरुणात कुडकुडत होती. बहुतेक जण आठवडाभरात उठत. पण काहींच्या छातीत ताप उतरे, आणि ते मात्र उठत नसत. ज्यांच्या घरी करणारं कुणी नव्हतं अशांसाठी कँटीनची शेड रिकामी करून खाटा टाकल्या. सकाळी डॉक्टर तिकडे जायचे ते दुपारी तोंड वाळवून यायचे. मला शेडकडे फिरकायची बंदी होती. बाजारात जायची बंदी, भजनाला जायची बंदी, शेजारच्या शुभदाकडे साखर मागायला जायचीसुद्धा बंदी. सहाव्या महिन्यातल्या बाईला हा ताप आला तर काय होतं ते डॉक्टर मला सांगत नव्हते. पण मद्रासहून त्यांच्या मित्राचं पत्र आल्यावर ते रात्री नीट जेवले नाहीत, त्यावरून मला कळलं.

आषाढ संपता संपता लस आली. निलगिरीकडे कुठे तरी ती तयार करत होते, आणि सरकारी कारखाना म्हणून आमच्या वाट्याला थोडी आली. थोडी म्हणजे किती, तर थर्मासमधल्या बर्फात चार इवल्याशा बाटल्या. कारखान्यात माणसं हजारांनी. डॉक्टर थर्मास उघडून नुसते बघत बसले. नरसिंगरावांनी विचारलं, “हिच्यात अंडं असतं म्हणतात, खरं का?” डॉक्टर म्हणाले, “खरं.” नरसिंगराव सोवळ्यातले. त्यांनी कपाळावरचं गंध चाचपलं आणि म्हणाले, “मग मला देताना आधी सांगू नका.” त्या दिवसातलं तेवढंच काय ते हसणं.

कारण दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराशी रांग लागली. मॅनेजरसाहेब स्वतः आले. त्यांचं म्हणणं, अधिकारी आधी, मग परदेशी यंत्रांवर शिकून तयार झालेली माणसं. कारखाना बंद पडला तर देशाचं नुकसान आहे. युनियनचे मधुकरराव आले. त्यांचं म्हणणं, भट्टीवरची माणसं आधी. त्यांच्या छातीत आधीच धूर आहे. कुणी दहीवड्याचा डबा घेऊन आलं, कुणी सासऱ्यांना घेऊन आलं. प्रत्येकाचं कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर हाकलून देता आलं असतं.

डॉक्टरांनी सगळ्यांचं ऐकलं आणि संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी स्टुलावर उभं राहून सांगून टाकलं. लस आधी त्यांना, जे आजाऱ्यांना रोज हात लावतात: आया, वॉर्डबॉय, झाडूवाले, गाडीचा ड्रायव्हर, कंपाउंडर. ती माणसं पडली तर शेडमधल्यांना पाणी कोण देणार? त्यातून उरली तर ज्यांचं हृदय किंवा छाती अधू आहे ते, आणि पोटुशा बायका. मग बाकीचे. मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी स्वतःचं नाव पहिल्या गटात घातलं होतं आणि मला त्याचाही राग आला.

घरी आल्यावर मी विचारलं, “दुसऱ्या गटापर्यंत पुरेल का?”

“नाही.”

“एकही नाही?”

“हेमा, मी दोनदा मोजलं.”

“मी तुमची बायको आहे म्हणून मला मागे ठेवताय. लोक काय म्हणतील म्हणून.”

“तू माझी कुणी नसतीस तरी नसती दिली.”

हे वाक्य त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं होतं, हे विशेष. डॉक्टर माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत, पण बोलायचं कुठे आणि थांबायचं कुठे हे त्यांना वैद्यकीच्या कॉलेजात शिकवलेलं नाही. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, “कारखान्यातला झाडूवाला तुमचा, ड्रायव्हर तुमचा, आणि हे पोटातलं कुणाचं?” त्यांनी ताट परत माझ्यापुढे सरकवलं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पहिल्या झटक्यात पटलं होतं. पटल्यामुळेच जास्त संताप आला होता. चुकीचं वागणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. बरोबर वागणाऱ्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर जेवत असताना तुंगाबाई मागच्या दारी आल्या. आत आल्या नाहीत. शेडमधून आल्या होत्या, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, पदर तोंडावर धरून.

“डॉक्टर, एक मागणं होतं,” त्या म्हणाल्या. “माझं इंजेक्शन पुढे घाला.”

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. “पुढे? तुंगाबाई, तुम्ही पहिल्या बाकावर आहात.”

“ते ठाऊक हाय की. म्हणून तर आले. स्वल्प पुढे घाला.”

“आणखी किती पुढे?”

“तुमाला जमेल तितकं.”

डॉक्टर ताटावरून उठले. मी त्यांना इतकं चिडलेलं क्वचितच पाहिलं आहे. “सकाळपासून माझ्या दारात जो येतोय तो पुढे घाला, पुढे घाला म्हणतोय! साहेबलोक म्हणाले, मी समजू शकतो. पण तुम्ही? पहिल्या बाकावर बसवलं तरी पुरेना? माझी स्वतःची बायको मागे बसलीय आणि तुम्हाला अजून पुढे हवंय?”

तुंगाबाई बावचळल्या. “अय्यो, अम्मा मागं बसल्यात म्हणूनच तर मी...” एवढं बोलून त्यांनी एकदम जीभ चावली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली. “अम्मा, तुमी तरी सांगा की ह्यांना.”

मी काय सांगणार? माझ्या मनात आलं, जिला मिळणार आहे तिला आणखी पुढे हवं आहे, आणि जिला नाही तिनंच रदबदली करायची? मी म्हटलं, “मी यात पडत नाही, तुंगाबाई.” त्या म्हणाल्या, “कुणाचं वाईट नाही मागितलं मी,” आणि गेल्या. पाठ इतकी ताठ होती की त्या रडत होत्या हे उघड होतं. डॉक्टरांनी हात धुतले आणि उरलेला भात तसाच टाकून शेडकडे गेले.

त्यानंतर तुंगाबाई घराकडे आल्या नाहीत. नाचणीचं पीठही आलं नाही. मी चिडलेलीच होते, पण पावलं सुजली तेव्हा दर थोड्या वेळाने मागच्या दाराकडे बघत होते, तेही खरं.

लस टोचायच्या आदल्या दिवशी विठ्ठलराव शिंपी आले. हे तुंगाबाईंचे धाकटे दीर; त्यांचं शिवाजीनगरात दुकान. माझी पोलकी सैल करायला दिली होती ती घेऊन आले होते. अंगणातूनच त्यांनी गाठोडं ओट्यावर ठेवलं. मी पाणी दिलं, आणि विषय काढायचा म्हणून विचारलं, “तुमच्या पुतणीचं आनेकलला लग्न आहे ना श्रावणात?” इथल्या लोकांत श्रावणात लग्नं होतात, याचं मला नवल वाटायचं.

“कुठलं श्रावणात, अम्मा! तापाची साथ चाललीय. लग्न पुढे घातलं.”

“साथीत एवढी घाई? आषाढात उरकणार?”

विठ्ठलराव माझ्याकडे बघतच राहिले. “आषाढात कोण करतंय? पुढे घातलं म्हणतोय मी. मार्गशीर्षात गेलं.”

माझ्या हातातला तांब्या खाली ठेवावा लागला. “म्हणजे पुढे ढकललं?”

“तेच की. कन्नडात ‘मुंदक्के हाकिदरु’ म्हणतात, आमी पुढे घातलं म्हणतो.” मग त्यांना शंका आली. “तुमच्या पुण्यात पुढे घातलं म्हणजे काय करतेत?”

“आधी करतात,” मी म्हटलं.

“अरे राम,” विठ्ठलराव म्हणाले. आणि त्यांनाही काही तरी उमगलं. “म्हणून का आमची अक्का घरी येऊन जेवलीच नाही. ‘डॉक्टरांनी मला चोर ठरवलं, का ते समजलं नाही’ म्हणत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, अम्मा, की मी म्हातारी झाले, माझं नंतर बघा, आणि माझी ती सुई तुमच्या...” त्यांनीही वहिनीसारखीच जीभ चावली, आणि पोलक्यांच्या गाठोड्याकडे बघत म्हणाले, “ते बोलू नये.”

विठ्ठलराव गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिले. पहिल्यांदा मला डॉक्टरांचा राग आला, मग स्वतःचा, मग मराठी भाषेचा. पण हे सगळे राग वरवरचे. खाली एकच गोष्ट होती: मला ती लस हवी होती. एक बाई आपण होऊन ती मला देत होती, आणि मला नुसती मान हलवायची होती. मागच्या वेळी तुंगाबाईंनी काहीच न बोलता कापडात गुंडाळून नेलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पुन्हा तसं होणं मला सोसलं नसतं. कुणी मला स्वार्थी म्हटलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. “मी त्यांना काय काय बोललो,” असं दोनदा म्हणाले. मी वाट बघत होते. शेवटी विचारलं, “मग?”

“मग काय? उद्या सगळ्यांसमोर माफी मागतो.”

“आणि लस?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपबशी उचलून स्वतःच विसळायला घेऊन गेले, आणि मी मागोमाग गेले नाही.

सकाळी मी न सांगता दवाखान्यात गेले. व्हरांड्यात बाक मांडले होते. पहिल्या बाकावर ड्रायव्हर, वॉर्डबॉय, झाडणाऱ्या यल्लव्वा, आणि डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेणारे नरसिंगराव. टोकाला तुंगाबाई, पदर दोन्ही दंडांवरून गच्च ओढलेला. बाकीची माणसं आवारात झाडाखाली उभी होती, कुणाला मिळते ते बघायला. त्यांच्यात मी.

तुंगाबाईंची पाळी आली तेव्हा डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तुंगाबाई, तुम्ही जे म्हणालात ते मला उलटं ऐकू आलं. तुम्ही सोडत होता आणि मला वाटलं, हिसकावताय. मी वाटेल ते बोललो. मला क्षमा करा.” आणि वाकून नमस्कार केला. डॉक्टरांना मी देवळातसुद्धा इतकं वाकलेलं पाहिलेलं नाही.

“ते सरी, डॉक्टर, माणूस आहे, चुकतो,” तुंगाबाई म्हणाल्या. “आता समजलं ना? मग माझी सुई अम्मांना द्या.”

“नाही.”

“का नाही?”

“कारण तुम्ही शेडमध्ये असता.”

तुंगाबाईंनी मान वर केली. “डॉक्टर, एक सांगा. ही लस तुमी मला देताय, का माझ्या हातांना? मला देत असाल तर ती माझी झाली. माझी वस्तू मी कुणाला पण देईन. तुमी कोण मधी?”

डॉक्टरांच्या हातात भरलेली सुई होती. त्यांना गोड बोलून निभावून नेता आलं असतं; दुसऱ्या कुणीही नेलं असतं. ते म्हणाले, “हातांना देतोय. तुमचे हात थांबले तर त्या शेडमधली माणसं मरतील. मला तुम्हाला विचारायचा हक्क नाही, तुंगाबाई, आणि तुम्हाला ती सोडायचा हक्कही नाही.”

“मग माझ्या हातांना नको,” तुंगाबाई म्हणाल्या आणि पदर आणखी घट्ट ओढून बसल्या. “बघू कसं टोचता.”

डॉक्टरांनी मान वळवली. गर्दीत मी आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी नेमकं माझ्याकडेच पाहिलं. सुई भरलेली, बाटली उघडलेली. त्यांच्या डोळ्यांत आता नियम नव्हता. तिथे फक्त माझा नवरा होता, आणि तो मला विचारत होता: घेतेस? मी एक पाऊल टाकलं असतं तर त्यांनी दिली असती. कुणी ब्रही काढला नसता. मॅनेजरसाहेबसुद्धा खाली बघत होते.

मी पाऊल टाकलं. व्हरांड्याच्या पायऱ्या चढले, तुंगाबाईंच्या शेजारी बाकावर बसले आणि त्यांचा पदर ओढला.

“अम्मा, सोडा.”

“सोडत नाही. दंड काढा.”

“तुमच्यासाठी चाललंय की हे सगळं!”

“मग माझ्यासाठीच घ्या,” मी म्हटलं. “तुम्ही पडलात तर माझं बाळंतपण कोण करील? हे? ह्यांना माणसाशी बोलतासुद्धा येत नाही. मला आई नाही, तुंगाबाई. मला लसही हवी आहे आणि तुम्हीही हव्या आहात, आणि दोन्ही मिळत नाही. तुम्ही नसलात तर मी ती लस घेऊन काय करू?”

त्यांचा हात सैल पडला. मी पोलक्याची बाही वर केली, तो दंड घट्ट धरला आणि डॉक्टरांना म्हटलं, “द्या आता. माझं मन बदलायच्या आत द्या.” त्यांनी दिली. तुंगाबाईंनी हूं की चूं केलं नाही. रडत होते ते डॉक्टर आणि मी. नरसिंगरावांनी एक डोळा उघडून विचारलं, “झालं का माझं?” त्यांचं तर कधीच झालं होतं.

लसीची दुसरी खेप यायला भाद्रपद उजाडला. त्याआधी मला ताप आला. तो कसा आला, कुणाकडून आला, हे डॉक्टर पुष्कळ दिवस शोधत होते. मला त्यात कधीच रस नव्हता. ताप छातीत उतरला. श्वास घेताना फासळ्यांत सुऱ्या फिरत. शेडमध्ये तोवर थोडेच आजारी उरले होते, म्हणून तुंगाबाई शेड वॉर्डबॉयच्या हवाली करून आमच्याकडे येऊन राहिल्या. त्यांनी मला उशांना टेकवून बसतं ठेवलं, अंग पुसलं, पेज भरवली, माझ्या शिव्या खाल्ल्या. त्या धडधाकट होत्या. माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलत होत्या आणि त्यांना काही होत नव्हतं.

एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. मी दुपारपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मग सांगितलं. डॉक्टरांनी पोटावर लावून ठोके ऐकायची लाकडी नळी काढली, पण ती नुसती हातात फिरवत राहिले. ते खाटेच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “हेमा, तुला ती लस दिली असती तर...”

“तर मी पडले नसते,” मी म्हटलं. मला धाप लागत होती, पण मला हे पूर्ण बोलायचं होतं. “तुंगाबाई पडल्या असत्या. शेडमध्ये आणखी कोण कोण गेलं असतं. सगळं खरं आहे. मला बरं वाटावं म्हणून त्यातलं एकच खरं आहे असं म्हणू नका.”

तुंगाबाईंनी त्यांच्या हातातून नळी काढून घेतली आणि बाजूला ठेवून दिली. सरळ माझ्या पोटावर कान टेकला. एका जागी, मग दुसऱ्या जागी, मग पार कुशीला. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते. रस्त्यावरून कारखान्याची बस गेली आणि तुंगाबाईंनी ती जाईपर्यंत श्वास रोखला. मग त्यांनी डोकं वर काढलं आणि साऱ्या क्वार्टर्सना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, “आहे! आहे की हो डॉक्टर! बाळ आहे!”

डॉक्टरांनी नळी उचलली आणि स्वतः पुन्हा ऐकलं.

मुलगी कार्तिकात झाली. वजनाला कमी, आवाजाला भरपूर. तुंगाबाईंनी न्हाऊ घालून ती डॉक्टरांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी तिला भरलेल्या काचेच्या भांड्यासारखं धरलं, आणि तुंगाबाई त्यांना रागावल्या.

आता तुम्ही विचाराल, डॉक्टरांनी तेव्हा केलं ते बरोबर होतं का? चारचौघांत मला कुणी विचारलं तर मी ठासून सांगते, अगदी बरोबर होतं. मॅनेजरीणबाईंना सांगितलं, युनियनवाल्यांना सांगितलं, आज तुम्हाला सांगते. डॉक्टरांना मात्र मी हे अजून एकदाही सांगितलेलं नाही. ते बागेत उभे राहून वाट बघतात, ते मला ठाऊक आहे.